चिंधी बांधलेली नऊ वांगी

रोज सकाळी सहाच्या सुमारास प्रमिलाबाई ओलं फडकं घेऊन महामार्गापर्यंत चालत जायच्या आणि पाटी पुसायच्या. नशिराबादच्या पुढे त्यांच्या शेताची पांदण जिथे महामार्गाला मिळते, तिथे एका कडुनिंबाला ती पाटी ठोकलेली होती. पांढऱ्या पत्र्यावर हिरव्या अक्षरांत 'शेतावर जेवण, शेतावर मुक्काम', त्याखाली फोन नंबर आणि मोठा बाण. रात्रभर ट्रक जायचे आणि उजाडेपर्यंत पत्र्यावर धुळीचा थर बसायचा. प्रमिलाबाई आधी बाण पुसायच्या, मग नंबर, आणि फडक्यात ओल उरली असेल तर अक्षरं.

"अक्षरं नही वाचनी तरी चालस," त्या म्हणायच्या. "बाण दिसाले पाहिजे."

डेअरीत दूध घालायला जाणारे लोक गाडी हळू करून विचारायचे, "काय मावशी, देवाला पाणी घालायला?"

"हाऊच मना देव," असं म्हणून त्या पुसत राहायच्या. पाहुणे येणार असोत की नसोत, यात खंड नव्हता. मे महिन्यात त्या रस्त्यावर सावलीसुद्धा टिकत नाही, तेव्हाही त्या जायच्या. फक्त तासभर आधी.

त्यांचं माहेर दोंडाईच्याकडचं. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या इकडे जळगावच्या बाजूला आल्या. इकडची बोली वेगळी. पण पुढची एकोणचाळीस वर्षं त्यांनी 'आहे'च्या जागी माहेरचं 'शे' म्हणणं सोडलं नाही. सुरुवातीला थोरली जाऊ कमलबाई त्यांची नक्कल करून हसायची. प्रमिलाबाई तिच्याबरोबर हसायच्या आणि पुढचं वाक्यही तसंच बोलायच्या. माझी मावसबहीण दिपमाला त्यांची सून. तिच्यामुळे मी त्या शेतावर बरेचदा राहिले. तिथे पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं, पाहुण्यांशी तरी त्या पुस्तकी मराठी बोलत असतील. तसं काही नव्हतं. पुण्याचे असोत, नाशिकचे असोत, सगळ्यांना एकच भाषा, आणि सगळ्यांना ती कळायची.

शेत साडेतीन एकरांचं. कापूस, दादर ज्वारी, विहिरीजवळ थोडा भाजीपाला. यजमान सुकदेवभाऊ कमी बोलणारे. मुलगा ललित जळगावला ठिबकच्या नळ्यांच्या कारखान्यात कामाला. पाहुणे येण्याचा प्रकार सुरू झाला तो नशिराबादच्या असलमभाईंमुळे. ते रिक्षा चालवतात. एका डिसेंबरात जळगाव स्टेशनवरून पुण्याचे तिघेजण घेऊन येताना त्यांच्या रिक्षाची क्लचवायर पांदणीच्या तोंडाशीच तुटली. दुरुस्ती होईपर्यंत त्यांनी सवारी सावलीला आणून बसवली. शेतात पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजणं चालू होतं. पाणी मागायला आलेले तिघे भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी खाऊन उठले. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पुढच्याच महिन्यात असलमभाईंना फोन केला.

"अक्का," असलमभाई येऊन म्हणाले, "वो पुनेवाले फिर आनेको बोल रहे. दस लोग. पैसे देंगे बोले. क्या बोलूं?"

प्रमिलाबाईंनी हातातलं काम थांबवलं नाही. "सांग, येवा. झोपाले खाटा शेत. पन संडास जुना शे, तो आठ दिवसमा नवा करस. आठ दिवस थांबा म्हणो."

सुकदेवभाऊंच्या मनात आधी झोपाळा बांधायचा होता. शहरातल्या लोकांना झोपाळा आवडतो, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. "झोपाळावर किती वेळ बसतीन?" प्रमिलाबाईंनी विचारलं, आणि विषय संपला. पहिल्यांदा संडास झाला, मग न्हाणीघर, मग लिंबाखाली फरशी. झोपाळा तिसऱ्या वर्षी आला.

दर सांगण्याची त्यांची पद्धत मला फार आवडायची. गाडी थांबली, माणसं उतरली, हातपाय धुऊन झाले की प्रमिलाबाई समोर उभ्या राहून जेवणाचा दर, मुक्कामाचा दर आणि लहान मुलांचा अर्धा दर सांगून टाकायच्या. मगच पाणी. पहिल्याच वर्षी गावातल्या कोणीतरी म्हटलं होतं, जेवू घालून पैसे घ्यायला संकोच नाही का वाटत. त्या म्हणाल्या, "जेवाना नंतर सांगामा वाटस. म्हणून आधी सांगस."

पैसा कापसाचाही यायचा, पण तो वर्षातून एकदा. पाहुण्यांचा रविवारी यायचा. त्यातून विहिरीवर नवी मोटर आली, खोलीला फरशी आली, दिपमालाचा शिवणाचा क्लास पूर्ण झाला. फोन घेणं, तारखा लिहिणं, शेताचे फोटो टाकणं हे दिपमालाचं काम. चंपाषष्ठीला देवाला भरिताचा नैवेद्य दाखवला की शेत पाहुण्यांसाठी उघडायचं. चातुर्मासात त्या घरात वांगं खात नसत, त्यामुळे घरच्यांचाही त्या वर्षीचा पहिला घास तोच. महाशिवरात्रीच्या सुमारास शेत बंद व्हायचं.

लोक यायचे ते भरितासाठी, आणि भरीत ज्या वांग्याचं व्हायचं ते वांगं कुठेही मिळत नव्हतं. भरिताची फिकट हिरवी मोठी वांगी आमच्याकडे पुष्कळ होतात, बाजारात ढीग लागतात. पण प्रमिलाबाईंच्या वांग्याची गोष्ट वेगळी. त्यात बी जवळजवळ नसायचं, आणि भाजल्यावर देठाला धरून ओढलं की साल एका ओढीत, पायमोजा काढावा तशी, निघून यायची. आतला गर पांढरा, किंचित गोड. त्याचं बी सासूबाईंचं. सासूबाईंचं नाव वच्छलाबाई. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा थोरल्या कमलबाईच्या वाट्याला विहिरीच्या वरच्या अंगाची चांगली जमीन आली, गाय आली. बियाची पुरचुंडी मात्र वच्छलाबाईंनी कमरेतून काढून धाकटीच्या हातात ठेवली. का, ते त्यांनी सांगितलं नाही. कमलबाईंनी विचारलंही नाही. पण त्या दिवसापासून दोन शेतांमधल्या बांधावरून कामापुरतंच बोलणं होत राहिलं.

बी राखायची प्रमिलाबाईंची एक पद्धत होती, तीही सासूबाईंचीच. हंगाम संपत आला की वांग्याचा सगळा वाफा उपटायचा. फक्त नऊ झाडं ठेवायची, सगळ्यांत निरोगी. एकेका झाडावर एकच वांगं राखायचं, बाकीची फुलं-फळं खुडून टाकायची. त्या वांग्याच्या देठाला जुन्या लुगड्याची लाल चिंधी बांधायची. मग ते वांगं झाडावरच पिकून पिवळं होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. ते पिकलं की बी काढून, धुऊन, राखेत घोळून ठेवायचं, आणि आषाढात सगळंच्या सगळं पेरायचं. जुनं बी मागे ठेवायचं नाही, हा वच्छलाबाईंचा नियम. रोपं दाट उगवायची. त्यांतली जाड बुंध्याची निवडून लावायची, उरलेली उपटून बांधावर टाकायची.

चिंधीचा अर्थ आमच्या भागात शेंबडं पोरही जाणतं. फळाला चिंधी बांधली की ते राखलेलं. चोरसुद्धा ते सोडून शेजारचं नेतो.

त्या वर्षी महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी नाशिकचे चौदाजण आले. एकाच इमारतीत राहणारी चार कुटुंबं. हंगामातला तो शेवटचा गट. वाफा आदल्या दिवशीच उपटून झाला होता, जेवणासाठीची वांगी तेव्हाच तोडून टोपलीत ठेवली होती. प्रमिलाबाई आणि दिपमाला चुलीपाशी होत्या. मी ताक घुसळत होते. सुकदेवभाऊ पाहुण्यांना विहीर दाखवायला घेऊन गेले होते.

पाहुण्यांतल्या एकाने त्यांना विचारलं, "काका, फोटोत लिहिलं होतं, आपलं वांगं आपण तोडायचं. ते कुठे?"

सुकदेवभाऊंना पाहुण्याला नाही म्हणता येत नसे, आणि त्यांचं अर्धं लक्ष मोटरच्या आवाजाकडे होतं. "ती काय तिकडे झाडं," ते म्हणाले.

पाहुणे तिकडे गेले. रिकाम्या वाफ्यात नऊच झाडं, प्रत्येकावर एकेकच वांगं, आणि प्रत्येक वांग्याला लाल फीत. आपल्यासाठी किती हौसेने सजवून ठेवलंय, असंच त्यांना वाटलं. त्यांनी एकेक वांगं देठापासून हलक्या हाताने तोडलं. फोटो काढले. चिंध्या टाकून दिल्या नाहीत. मुलांच्या मनगटांवर बांधल्या.

चुलीपाशी पहिल्यांदा आली ती सहा-सात वर्षांची एक मुलगी. प्रमिलाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली आणि त्यांची नजर तिच्या मनगटावर गेली.

"दोरा कोणी बांधा, बेटा?"

"बाबांनी. माझ्या वांग्याला होता."

प्रमिलाबाईंनी भाकरी उलटली. दिपमालाचे हात पिठातच थांबले. पलीकडून बाकीचे हसत येत होते, प्रत्येक घराच्या हातात दोन-दोन, एकाच्या हातात तीन. नऊच्या नऊ. आदल्याच दिवशी चिंधी बांधलेली वांगी. अजून हिरवी, कोवळी. त्यांतल्या बियांनी जीव धरला नव्हता.

"अक्का, ही भाजायची ना?" एका बाईंनी विचारलं.

प्रमिलाबाईंनी भाकरी टोपल्यात ठेवली, हात पुसले. "हो. आना आथा. ही चांगली शेत."

त्यांनी ती स्वतः भाजली. साली ओढल्या, मिरची-लसूण ठेचला, लाकडी बडगीत सगळं कांडलं, तेलाची फोडणी दिली आणि चौदाही जणांना वाढलं. आग्रह केला. मुलीने भरीत तिखट लागतं म्हटल्यावर तिच्या पानात दही घातलं. पाहुणे चारच्या सुमारास गेले. गाडी पांदणीला वळल्यावर दिपमाला पहिल्यांदा बोलली.

"आई, सांगितलं का नाहीत त्यांना?"

"काय सांगू? तोडेल वांगं चिटकाडता येस का झाडले?"

सुकदेवभाऊ वाफ्याच्या कडेला उभे होते. "मीच दाखवलं," ते म्हणाले.

"तुम्ही दाखवं. त्यास्नी तोडं. पन चूक मनी शे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "घरमा कोनले सांगानी गरज पडनी नही, म्हणून पाहुणासलेबी सांगं नही. त्यास्ले काय माहीत, चिंधी म्हंजे काय."

त्या संध्याकाळी जेवताना दिपमाला म्हणाली, की भरिताच्या वांग्याचं बी बाजारात मिळतं. दोन-तीन गावं तर त्यासाठीच नावाजलेली आहेत. असलमभाईंना सांगितलं तर उद्या आणून देतील.

"मिळस. त्यानं भरीतबी चांगलं व्हस," प्रमिलाबाई म्हणाल्या. "पन ते त्या गावले जाईसन खातीन. आठे कसाले येतीन?"

हे खरं होतं. पुण्याहून तीनदा आलेले ते म्हातारे गृहस्थ, भुसावळच्या शाळेच्या शिक्षिका, दर वर्षी वाढदिवस इथेच करणारं औरंगाबादकडचं कुटुंब, सगळे फोनवर आधी एकच विचारायचे, वांगी सुरू झाली का. विहीर, झोपाळा, खाटा इतरांकडेही होत्या. त्याच भागात आणखी दोन शेतं पाहुण्यांसाठी उघडली होती. एकावर तर पोहायचा हौदही होता. आणि झाडांना पुन्हा वांगी धरतील म्हणून वाट बघण्यात अर्थ नव्हता. मार्च लागला की आमच्याकडे ऊन असं पडतं की फूल येतं आणि दुसऱ्या दिवशी गळतं. प्रमिलाबाईंनी तरी झाडांना पंधरा दिवस पाणी दिलं, गोणपाटाची सावली केली. फुलं आली. गळली.

त्या खचल्या, असं मी म्हणणार नाही. त्या चिडल्या होत्या, आणि ते दिसायचं. भांडी जोरात ठेवायच्या. मग एक दिवस सुकदेवभाऊ चहा पिता पिता, बशीकडे बघत म्हणाले,

"वहिनीकडे असेल."

"काय?"

"बी. त्यांच्या गोठ्यामागे पाच-सहा झाडं असतात दर वर्षी. फिकट हिरवी वांगी. आपल्यासारखीच."

प्रमिलाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "किती वरीस झायात?"

"झाली सात-आठ."

"आनि तुम्ही माले आज सांगतस?"

"आधी सांगितलं असतं तर तू भांडायला गेली असतीस," सुकदेवभाऊ म्हणाले. "आता भांडता येणार नाही."

दुसऱ्या दिवशी पाटी पुसून आल्यावर प्रमिलाबाई घरी न येता बांधावरून तशाच पलीकडे गेल्या. दिपमाला मला खुणावून म्हणाली, तू जा मागे, मी गेले तर त्यांना वाटेल सासू सुनेला घेऊन भांडायला आली.

कमलबाई अंगणात दादर पाखडत होत्या. जावेला पाहूनही त्यांचं सूप थांबलं नाही. पाहुण्यांच्या प्रकाराबद्दल त्यांचं मत साऱ्या शिवाराला माहीत होतं. पाहुणे बांधावर फोटो काढायला आले की त्या ऐकू जाईल असं म्हणायच्या, "जेवा, जेवा. आमच्या जावेनं शेताचं हॉटेल केलं."

"काय व," त्या म्हणाल्या, "आज गिऱ्हाईक नाही वाटतं तुझ्याकडे?"

"हंगाम सरना."

"बस मग. बसायचे पैसे नाही घेत मी."

"पानी दे. तेबी फुकटनंच दे."

कमलबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी तांब्या आणून दिला. प्रमिलाबाई घोट घोट पाणी प्यायल्या. मग तांब्या खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अक्का, मना बी गया. नऊबी वांगा पाहुणास्नी तोडी लिधात. तुनाकडे शे, असं हाई म्हणतस."

सूप थांबलं.

"सुकदेवभाऊनं पाहिलं का," कमलबाई म्हणाल्या. "मले वाटलंच होतं. मोटर बंद कराले येतात ते, पण पाहतात सारं."

त्या आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात फडक्यात बांधलेली एक लहान पुरचुंडी होती, राखेने काळवंडलेली. ती त्यांनी प्रमिलाबाईंच्या हातात दिली नाही. स्वतःच्या मांडीवर ठेवली.

"हे तुझंच आहे," त्या म्हणाल्या. "श्रावणात तू वाफा उपटायची. जाडीजाडी रोपं लावायची आणि बारकी बांधावर फेकायची. मी दिवस मावळताना जायची आणि त्यातली पाच-सहा उचलून आणायची. मान टाकलेली असायची ती. दोन दिवस टोपलीखाली ठेवायची, तेव्हा उभी राहायची."

"मांगतं तर दिधं नसतं का मी?"

"दिलं असतं. पण मागितलं असतं तर ते तुझं राहिलं असतं."

कमलबाईंची कोंबडी पाखडलेल्या ज्वारीत शिरली, तिला त्यांनी हाताने हुसकलं.

"देईन मी," कमलबाई म्हणाल्या. "पण बी नाही देणार. रोपं देईन. वाफा माझ्या शेतात राहील, बी माझ्या घरात राहील. श्रावणात येशीन, लागतील तेवढी रोपं मोजून नेशीन. दर वर्षी."

"दर वरीस मांगाले येऊ?"

"मग? मी सात वर्षं बांधावर वाकली. तू आठ दिवस ये." त्या थांबल्या. "आणि पाहुण्यांना सांगायचं, वांगं कमलबाईचं."

मला वाटलं, प्रमिलाबाई उठून जातील. सासूने ज्यांच्या हातावर बी ठेवलं, त्यांना आता हात पसरून रोपं घ्यायची होती, तीही त्यांनीच फेकून दिलेल्या रोपांच्या बियाची. त्यांनी पदराने मान पुसली. पुरचुंडीकडे पाहिलं. मग धंद्याचा प्रश्न विचारावा तसा विचारला,

"बारका रोपनं बी शे. साल एक ओढमा निघस का?"

"चंपाषष्ठीला बघ."

"नही निघनी, ते तुनं नाव मी सांगाव नही."

"नको सांगू," कमलबाई म्हणाल्या. "पण निघेल."

श्रावणात प्रमिलाबाई रोपं आणायला गेल्या. आठ दिवस लागलेच. कमलबाईंनी रोज थोडीच उपटू दिली, जमीन ओली आहे, उद्या ये, असं म्हणत. प्रमिलाबाई रोज गेल्या. तिसऱ्या दिवसापासून चहा होऊ लागला. पाचव्या दिवशी कमलबाईंनी विचारलं, की ती शहरातली माणसं खाटेवर झोपतात का, की गादी मागतात. सहाव्या दिवशी प्रमिलाबाई परतताना एकट्याच हसत होत्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "अक्का इचारस, पाहुणास्ले मनी गाय दखाडं ते चाली का."

दिपमालाने फोटोंचं एक काम त्या पावसाळ्यात केलं. 'आपलं वांगं आपण तोडा' याच्या खाली तिने लिहिलं: 'चिंधी बांधलेलं फळ राखलेलं असतं. ते तोडू नये.' प्रमिलाबाईंनी तिच्याकडून ते दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाल्या, आता हे दर सांगताना आपणही तोंडाने सांगायचं. वाचतात थोडे, ऐकतात सगळे.

चंपाषष्ठीच्या सकाळी मी तिथे होते. वाफ्यातलं पहिलं वांगं आदल्या वर्षीच्यापेक्षा थोडं लहान होतं. प्रमिलाबाईंनी ते काड्यांच्या जाळावर फिरवत फिरवत भाजलं, परातीत ठेवलं, पाण्याचा हात लावला. सुकदेवभाऊ विहिरीकडे जायचे ते थांबले होते. बांधापलीकडे कमलबाई गवत कापत होत्या. त्या जागी गवत नव्हतं.

प्रमिलाबाईंनी देठ धरला आणि ओढला.

साल निघून आली. एका ओढीत नाही. शेवटच्या बोटभर जागेवर थोडी चिकटली. त्यांनी ती नखाने काढली. गर बघितला, फाडला, त्यात बी शोधलं. मग चिमूटभर तोंडात टाकून बराच वेळ चावत राहिल्या, जणू बिया मोजत होत्या.

"काय?" सुकदेवभाऊंनी विचारलं.

"चालस," त्या म्हणाल्या. आणि मग बांधाकडे तोंड करून, मोठ्याने, "अक्का, जराशी अडकनी साल."

"पहिलं वांगं आहे," पलीकडून उत्तर आलं. "दुसरं बघ."

दुसऱ्याची अडकली नाही.

त्या हिवाळ्यात जेवढे पाहुणे आले तेवढ्या वेळा मी ते वाक्य ऐकलं. हातपाय धुऊन झाले, दर सांगून झाला, चिंधीचं सांगून झालं, की प्रमिलाबाई म्हणायच्या, "वांगं मना जेठानीनं शे. कमलबाई. त्या दखा, बांधवर." पाहुणे वळून बघायचे. कमलबाई पदर सारखा करायच्या आणि आपण काहीच ऐकलं नाही असं दाखवत विळा चालवायच्या. एकदा पुण्याचे ते म्हातारे गृहस्थ बांधापर्यंत जाऊन त्यांना हात जोडून आले. कमलबाई दोन दिवस त्याबद्दलच बोलत होत्या. प्रमिलाबाईंना हे सांगताना कमीपणा वाटायचा का, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "वाटना पहिला रविवारले. मंग पाहुणास्नी भरीत मांगी मांगी खादं, मंग नही वाटना."

हंगाम पूर्ण भरला. पोहायच्या हौदाच्या शेतावर उतरलेली दोन कुटुंबं जेवायला इकडे आली.

पुढच्या ज्येष्ठात कमलबाई एका दुपारी आपणहून आल्या. पुरचुंडी त्यांनी प्रमिलाबाईंच्या पुढ्यात ठेवली. "घे," त्या म्हणाल्या. "आता तूच ठेव. सासूबाईंनी तुलेच दिलं होतं."

मला वाटलं, हेच तर त्यांना हवं होतं. प्रमिलाबाईंनी पुरचुंडी उचलली, हातात तोलली, फडक्याची गाठ चाचपून पाहिली, आणि परत कमलबाईंच्या हातात दिली.

"तुनाकडेच ऱ्हाऊ दे."

"का व? राग आला का?"

"राग कसाना? मनाकडे दर रविवारे वीस मानसं फिरतस. कोनाकोनाले सांगू? तुनाकडे कोनी येस नही. बी तठेच बरं."

"कोणी येत नाही म्हणते," कमलबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या. "ऐकलं का? माझ्याकडे कोणी येत नाही." पण पुरचुंडी त्यांनी कमरेला खोचली आणि चहा घेऊनच गेल्या. त्या वर्षापासून बियासाठी राखलेली झाडं कमलबाईंच्या गोठ्यामागे आहेत, आणि पाहुण्यांना तिकडे नेत नाहीत.

प्रमिलाबाई त्याच आषाढात गेल्या. आजारी नव्हत्या. सकाळी नेहमीप्रमाणे सगळं केलं, दुपारी जरा पडते म्हणून आत गेल्या, आणि दिपमाला चहाला उठवायला गेली तेव्हा सगळं आटोपलं होतं. डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. पुढचं शेत दिपमाला चालवते. येत्या चंपाषष्ठीच्या आठवड्यातल्या तारखा तिच्या वहीत आत्ताच भरल्या आहेत.

त्या गेल्या त्या सकाळी मी तिथेच होते. कमलबाईंच्या बांधालगतच्या नवीन वाफ्यात पेरून पाच दिवस झाले होते आणि हिरवे मोड नुकते वर येऊ लागले होते. प्रमिलाबाई बांधावर गेल्या, उकिडव्या बसून मोड पाहिले, एका ठिकाणची ढेप बोटाने फोडली. कमलबाई गोठ्यातून शेण भरून बाहेर येत होत्या. प्रमिलाबाई उठल्या, गुडघ्यांवर हात ठेवून जरा थांबल्या, आणि घराकडे वळता वळता म्हणाल्या,

"अक्का, कोंबड्या कोंडी ठेव. वाफा उकरी टाकतीन."